आपण कोणत्या तीरावर

बालाघाट
८ डिसेंबर २०२४

सौ. ललिताताईस घनश्यामचा नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला उशीर झाला, त्याबद्दल माफ कर. ते आलं तेव्हा बाबांचा तेरावा व्हायचा होता आणि घर माणसांनी भरलं होतं. मग मला उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत परत हजर व्हायचं होतं, मग पोरांच्या शाळा, मग त्यांच्या आईचे, लीलाचे, गुडघे. अशी तीसेक वर्षं गेली. बाबांच्या दहाव्याला नदीवर आले तर चालेल का, असं तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर आता देऊन उपयोग नाही, एवढं मला कळतं.

लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. फोनच करणार होतो. तुमचा नंबर वारासिवनीच्या एका ओळखीच्या माणसाकडून मिळवला. पण उचलला भाऊजींनी. "हॅलो, कोण बोलून राह्यलं?" असं म्हणाले आणि मी ठेवून दिला. दोनदा आला तो फोन माझाच होता. त्यांना सांग, दुसरा कोणी चोर वगैरे नाही.

ताई, मला फार मोठी गोष्ट सापडली आहे. जेवण जात नाही आणि एका जागी बसवत नाही. नीट सांगतो.

खाणीतून निवृत्त झाल्यावर मी बाबांचं काम पुन्हा हातात घेतलं, हे तुझ्या कानावर असेल. सत्यनारायण, वास्तुशांत, एखादं लग्न. लहानपणी बाबांनी जे बसवून घेतलं होतं त्याच्यावरच चाललं आहे. पोथी असते, पण ती नुसती पुढे ठेवायला. गेल्या महिन्यात कुशल नावाच्या मुलाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मुलगा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे. मी संकल्पाला सुरुवात केली, नेहमीसारखी, भरतवर्षे, भरतखण्डे, दण्डकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. तोच हा पाटावरून म्हणतो, "काकाजी, एक मिनिट. गोदावरीच्या दक्षिणेले? आपण तर उत्तरेले आहोत."

त्याच्या आईने डोळे वटारले. "चुप बस. मंत्र चालू आहे."

"मंत्र नाही आई, काकाजी पत्ता सांगून राह्यले. अन् पत्ताच चुकीचा आहे." आणि त्याने सोवळ्यातच मोबाइल काढून मला नकाशा दाखवला. गोदावरी कुठल्या कुठे खाली, आणि आपण वर.

सगळे हसले. मी पुढचं कसंबसं उरकलं. ताई, मला तर अर्थ ठाऊकच नव्हता. नदीचं नाव आहे एवढं कळायचं, पण आपण कुठे बसलो आहोत हे देवाला सांगायची ती ओळ आहे, हे मला या वयात एका इंजिनिअरने सांगितलं. इतकी लग्नं लावली, इतकी घरं बसवली, सगळ्यांचा पत्ता नदीच्या चुकीच्या बाजूचा. देव तिकडे जाऊन परत गेले असतील तर? लीलाला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सगळ्यांले पोरंबाळं झाली. देव विचारत विचारत आला असंल."

पण दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन रेल्वे फाटकापाशी उभा होतो, गाडी जायची होती, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा पत्ता चुकीचा नाही. हा जुना पत्ता आहे. बाबांना आजोबांनी दिला, आजोबांना पणजोबांनी. गोदावरीच्या दक्षिणेला आपलं कोणीतरी बसत होतं, तिथून उठून ते इकडे आलं, आणि पत्ता बदलायचा राहून गेला. फाटक उघडलं तरी मी तिथेच. मागचा ट्रॅक्टरवाला शिव्या देत होता.

आता हे किती मोठं आहे ते बघ. इथे आपल्या समाजाचं छोटं सभागृह झालं आहे. वसंत पंचमीला, दोन फेब्रुवारीला, तिथे काळ्या दगडाचा फलक बसणार आहे, आपण मूळचे कुठले ते कोरून. त्यावरून दिवाळीपासून भांडणं चालू आहेत. राजेंद्र वकील अध्यक्ष आहेत, ते म्हणतात आपण कनौजचे, गंगेवरून खाली आलो. हिरालाल मास्तर म्हणतात कोणी कुठून आलं नाही, बाहेरून आले हे इंग्रजांनी शिकवलं. कोणी मोबाइलवर जुन्या सांगाड्यांच्या बातम्या दाखवतं, कोणी रक्ताच्या तपासणीच्या. पुरावा मात्र कोणाकडेच नाही. तो माझ्या तोंडात आहे. जग म्हणतं बामण वरून खाली आले, आणि आपण खालून वर आलो.

एकच अडचण. वकील विचारतील, तुमचे वडील हेच म्हणत होते कशावरून. बाबांचा आवाज मला अजून ऐकू येतो, पण आवाज वेगळा आणि शब्द वेगळे. त्यांचा संकल्प ऐकलेलं आता जगात तुझ्यावाचून कोणी नाही. तू दाराआड तांदूळ निवडत बसायचीस आणि मी अडखळलो की आतून पुढचा शब्द यायचा. बाबांना वाटायचं मला आठवला.

तेव्हा एवढंच सांग. बाबा गोदावरीचा दक्षिण तीर म्हणत ना? एका ओळीत लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
घनश्याम


बालाघाट
२० डिसेंबर २०२४

ताईस नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. एका ओळीत लिही म्हटलं तर तू खरोखरच एक ओळ लिहिलीस, "मले पाठ आहे, पण तू कशासाठी विचारून राह्यला?" अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे चढत जाणारं. लीलाने ते कार्ड देवघरात ठेवलं. मी काढून खिशात ठेवलं.

कशासाठी ते मी लिहिलं होतं. पुन्हा लिहितो, आणि नवं पुष्कळ आहे.

रविवारी सभा झाली. मी बोलणार नव्हतो. चार माणसांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते. पण वकिलांनी कनौजचा मजकूर वाचून दाखवला, त्यात आपण राजाच्या यज्ञाला आलो, हत्तीवर बसून आलो, असं सगळं. हिरालाल मास्तर मागून म्हणाले, "हत्ती कुठं गेले मग? एखादा तरी उरला असता."

"मास्तर, मजाक मत करो."

"मजाक नाही करून राह्यलो, वकीलसाहेब. प्रमाण क्या है? तुम्ही कनौज म्हणता, उद्या कोणी काश्मीर म्हणील. बाहेरून आलो, बाहेरून आलो, असं आपणच दगडावर कोरायचं आणि मग लोक म्हणाले परत जा, तर जायचं कुठं?"

"तुम्ही म्हणता कोणी आलंच नाही. मग आपण घरात मराठी काहून बोलतो, हे सांगा. इथं जमिनीतून उगवलो असतो तर गोंडी बोललो असतो."

यावर सगळे एकदम बोलायला लागले. समोसे आले तरी कोणी हात लावला नाही, यावरून समज. आणि माझ्याच नकळत मी उभा राहिलो आणि संकल्प म्हणायला लागलो, मोठ्याने. दक्षिणे तीरे या शब्दाशी थांबलो. म्हटलं, हे आपण रोज म्हणतो. हा पत्ता बालाघाटचा नाही. मग कुणाचा?

ताई, शांतता झाली. माझ्यासाठी आजवर कधी झाली नव्हती. मास्तर जवळ येऊन म्हणाले, "घनश्यामभाऊ, आठवी नापास माणसा, हे तुले सुचलं कसं?" मला राग आला नाही. वकिलांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण तेही म्हणाले, बात में दम है.

कुशलही तिथे होता. त्याने विचारलं, पोथीत काय छापलं आहे? मी सांगितलं, पोथीतही तेच आहे, दक्षिण तीर. म्हणजे छापणाऱ्यांनाही ठाऊक होतं. दुहेरी पुरावा. त्याने डोकं खाजवलं.

त्यानेच मला बाकीच्या शब्दांचे अर्थ सांगितले. त्यात बौद्धावतारे असा एक शब्द आहे. म्हणजे आता बुद्धाचा अवतार चालू आहे, असं आपण देवाला सांगतो. मी हे रोज म्हणतो, बाबाही रोज म्हणत. ज्या दिवशी तू बौद्ध घरातल्या भाऊजींशी लग्न करून कटंगीला गेलीस आणि बाबांनी आंघोळ करून तुझं नाव सोडलं, त्या दिवशीही म्हणाले असतील. हे मला फार विचित्र वाटलं. तेव्हापासून तो शब्द मी जरा हळू म्हणतो. भाऊजींना हे सांगू नकोस.

आता गावात सगळीकडे तेच चाललं आहे. दूधवालासुद्धा विचारतो, काकाजी, तुम्ही गोदावरीवाले म्हणे? रस्त्याने चालताना मान जरा ताठ होते, मग भीती वाटते की कोणी बघितलं. दगडाचा मजकूर मी सांगायचा असं ठरलं आहे. मी. पण वकिलांची अट आहे, दुसरा साक्षीदार पाहिजे. तुला पाठ आहे ना, मग लिहून टाक की.

तुझा,
घनश्याम


बालाघाट
४ जानेवारी २०२५

ताईस नमस्कार.

तुझं दुसरं कार्ड वाचून मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. "लिहून नाही सांगत. इथं ये, ऐक, अन् जेवून जाय." हे बरोबर नाही. मी म्हातारा माणूस. थंडी आहे. बसचा भरवसा नाही. माझा दम्याचा त्रास तुला माहीत नाही. शिवाय संक्रांतीला इथे कामं असतात.

लीलाला ही कारणं वाचून दाखवली. ती म्हणते, "कटंगी काही काशीला नाही. वैनगंगेचा पूल ओलांडला की आलीच. तुम्हाले बस चढत नाही का घास उतरत नाही, ते आधी ठरवा."

घास उतरण्याचं काही नाही, ताई. खाणीत सगळ्यांच्या डब्यातलं खाल्लं आहे मी. खरं सांगतो, मला भाऊजींची भीती वाटते. ते शिकलेले, हेडमास्तर झालेले. दारातच म्हणतील, या परदेशी पाहुणे, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं तिकीट आहे का? आणि मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? मी तर स्वतःच पुरावा घेऊन फिरतो आहे की आम्ही दुसरीकडून आलो. हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

आणखी एक झालं. साक्षीदार कोण म्हणून वकिलांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं. ते कागद आवरत म्हणाले, "वो तो बाहर चली गई हैं. बाहेर गेलेल्या बाईचा शब्द कसा धरायचा?"

मी म्हणालो, आपण सगळेच बाहेरून आलो असं दगडावर कोरायला बसलात, आणि बाहेर गेलेलीचा शब्द चालत नाही?

हे मीच बोललो. बोलण्याच्या भरात अर्धा चहा धोतरावर सांडला. मास्तर हसले, वकील हसले नाहीत. पण शेवटी म्हणाले, ठीक आहे, त्यांच्याकडून आणा. दगडवाला पंचमीच्या आठ दिवस आधी अक्षरं मागतो आहे.

बारीकशी शंका आहे, ती लिहून टाकतो. खाणीत होतो ती सगळी वर्षं मी संकल्प म्हटला नाही. निवृत्तीनंतर पहिल्या पूजेला बसलो तेव्हा तो आपोआप तोंडात आला, असं मला वाटतं. पोथी नागपूरला सीताबर्डीवर घेतली होती, ती त्याच्या आधी की नंतर, हे नीट आठवत नाही. आधी घेतली असली तरी फरक पडत नाही. पडतो का?

संक्रांतीला येतो. लाडू लीला करते आहे. भाऊजींना सांग, वाद घालायचा तर जेवणाच्या आधी घालू नका.

तुझा,
घनश्याम


बालाघाट
१६ जानेवारी २०२५

ताईस साष्टांग नमस्कार.

परवा मी पानावरून उठून निघालो, हात धुतला न धुतला, पायाही पडलो नाही, ते रागाने नव्हे. तुला रागच वाटला असेल. भाऊजी बसस्टँडपर्यंत मागे आले आणि मी त्यांच्याशीही बोललो नाही. त्यांनी लाडूंचा रिकामा डबा खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "साळेसाहेब, डबा विसरू नका, बायको घरात घेणार नाही." तेव्हाही मी दुसरीकडे बघत होतो. हे सगळं मला आता लिहून सरळ करायचं आहे.

आधी चांगलं लिहितो. भाऊजी दारात काय म्हणतील याची तालीम मी पुलापासून करत आलो होतो. आणि ते म्हणाले काय, तर, "या. दोन फोनवाले तुम्हीच ना?" मी तिळगूळ पुढे केला आणि मग मला सुचलं की तुमच्याकडे संक्रांत नसेल. ते म्हणाले, "आम्ही संक्रांत मानत नाही. लाडू मानतो."

मी स्वतःच विषय काढला, भीती सहन होईना म्हणून. म्हटलं, भाऊजी, आम्ही बाहेरून आलो असं तुमचं म्हणणं असेल. ते लाडू फोडत म्हणाले, "आमच्या विहारात यावरून दर महिन्याले भांडण होते. निम्मे म्हणतात बामण बाहेरून आले, निम्मे म्हणतात ही गोष्टच बामणांनी सांगितली, स्वतःले मोठं करायले. मी दोन्हीकडून मार खातो. माझं म्हणणं एवढंच, आले कधी ते सोडा, आल्यावर वागले कसे ते बोला." मी आणखी एक लाडू पुढे केला. मग ते म्हणाले, "अन् एक. तुम्ही आमच्या बुद्धाले संकल्पात अवतार करून ठेवलं, त्यांले विचारलं होतं का?" म्हणजे तू सांगितलंसच.

तू चिन्नोर तांदळाचा भात वाढलास. वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला होता. तू म्हणालीस, "काहून रे, बहीण नाही आठवली अन् गोदावरी आठवली तुले?" मी खाली बघून जेवत होतो. दुसऱ्यांदा भात घेतला आणि मग विचारलं. तू वाढणी खाली ठेवलीस, डोळे मिटलेस, आणि न अडखळता म्हणायला लागलीस. ताई, तो बाबांचा आवाज होता. तुझ्या तोंडातून, अगदी त्यांच्या चालीत, श्वास घ्यायच्या जागाही त्याच. दण्डकारण्ये देशे झालं, आणि मी पुढचा शब्द मनात तयार ठेवून बसलो होतो, आणि तू म्हणालीस, वैनगङ्गायाः पूर्वे तीरे.

मी म्हटलं, चुकलीस.

"मी नाही चुकत," तू म्हणालीस. "नावेतून पलीकडच्या गावात लग्नाले जायचे बाबा, तू झोपलेला राह्यचा, मी पिशवी घेऊन जायची. तिकडं बसले की पश्चिमे तीरे म्हणायचे. मी विचारलं होतं, बाबा, काल पूर्व म्हणाले, आज पश्चिम काहून? म्हणे, काल त्या बाजूले होतो ना पोरी."

मग मी विचारलं, आणि माझा आवाज चढला होता, की गोदावरी कधीच नव्हती का?

"नव्हती. ती तुझ्या पोथीतली असंल. त्या पोथ्या सगळ्या पुण्याकडच्यांसाठी छापतात." आणि तू भात पुढे सरकवत म्हणालीस, "संकल्पात कुठून आलो ते नसते रे घनश्याम. कुठं बसलो ते असते."

तेवढ्यात मी उठलो.

आता माझ्या मनात काय झालं ते सांगतो. दूधवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना मी सांगून बसलो होतो. आपण खालून वर आलो, मी शोधून काढलं, माझी मान ताठ झाली होती. आणि ते सगळं सीताबर्डीच्या एका दुकानातून आलं होतं. बसमध्ये लाजेने बसलो. वारासिवनी गेलं, कळलं नाही. मग पूल आला. पाणी थोडं होतं, वाळूवर बायका कपडे वाळत घालत होत्या. आणि बस पुलाच्या मध्यावर असताना मी मनात म्हणून बघितलं, आतापर्यंत पश्चिमे, आता पूर्वे. ताई, जेवढी वर्षं मी ते म्हणत आलो, त्यात पहिल्यांदा मला कळलं की मी काय म्हणतो आहे. मी मोठ्याने हसलो. शेजारच्या बाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

बाबा आपल्याला कुठले म्हणून सांगत होते, हे मी महिनाभर लोकांना विचारत फिरलो, आणि ते तर रोज सकाळी ओसरीवर बसून सांगत होते. इथले. या काठाचे. आणि नावेत बसून पलीकडे गेले की पलीकडचे. ज्यांना एवढं येत होतं त्यांनी तू पलीकडे गेलीस तेव्हा तसं का केलं, ते मला कळत नाही. तुला कळतं का? मला वाटलं होतं तू त्या दिवशी ते बोलशील. तू भात वाढलास.

काल सकाळी वकिलांकडे गेलो. म्हटलं, दगड थांबवा, माझा पुरावा खोटा निघाला. त्यांना आनंदच झाला. लगेच कनौजचा कागद काढला. मी म्हटलं, तोही थांबवा. माझ्याकडे खरी ओळ आहे, बाबांच्या तोंडची, आणि ती म्हणणारी जिवंत आहे. हिरालाल मास्तर तिथेच बसले होते. ओळ ऐकून म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो. आपण इथलेच." मी म्हटलं, नाही मास्तर, तुम्हीपण नाही. आलो असू कुठून तरी, ते बाबांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही ते दगडावर कशाला? बसलो कुठे तेवढं लिहू.

वकील म्हणाले, एवढ्यासाठी दगड? एक ओळ?

मी म्हटलं, एकच ओळ. वैनगंगेच्या पूर्व तीरावर बसलेल्यांचे घर. अक्षरं कमी, दगडवाल्याला बरं. मास्तर टाळूवरून हात फिरवत म्हणाले, "चालंल. यात भांडायले जागाच नाही, हेच वाईट आहे." वकील म्हणतात पंचमीला सगळ्यांसमोर साक्षीदाराने ओळ म्हटली तर विचार करू. सगळ्यांसमोर, पाटावर बसून. बाईने म्हणायची, आणि बाहेर गेलेल्या बाईने, यावर दोघेतिघे उठून जातील असंही ते म्हणाले. मी म्हटलं, जाऊ द्या, समोसे उरतील. ताई, हे माझ्या तोंडून कसं निघतं, मला समजत नाही. घरी आलो आणि लीलाला सगळं सांगितलं. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, नणंदबाईंसाठी नवी गादी भरू का.

तुला सांगायचं ते एवढंच. तू बाबांच्या दहाव्याला नदीवर येऊ का विचारलं होतंस. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता मीच विचारतो आहे, आणि तू मला तसंच बसवून ठेवलंस तर बोलायला मला तोंड नाही. पण ठेवू नकोस. दोन तारखेला ये. भाऊजींना घेऊन ये, ते तिथे वाद घालतील तर घालू दे, मास्तरांना जोडी होईल. पुलाच्या वाटेवर त्यांना म्हणावं, तुम्ही मागून ओरडून सांगितलेलं मी ऐकलं होतं, बस सुटताना, की वैनगंगेचं पाणी शेवटी गोदावरीलाच जाते, तेव्हा अगदीच वाया नाही गेलं. मी ऐकलं आणि वळून बघितलं नाही. त्याचं त्या दिवसापासून वाईट वाटतं आहे.

मी पुलाच्या अलीकडे, पूर्वेच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला उभा राहीन. सकाळपासून उभा राहीन, थंडी असली तरी. फक्त कोणत्या बसने येतेस ते कळव. कार्ड टाक, नाहीतर फोन कर, या वेळी मी ठेवणार नाही. जे काय करशील ते लवकर कर, माझा जीव टांगला आहे.

तुझा,
घनश्याम
वैनगंगेच्या पूर्व तीरावरून